तारीख : बुलढाण्याचा कर्करुग्ण आणि तज्ज्ञापर्यंतची वाट

१/
कर्करोगाचा इतिहास बहुधा शोधांच्या क्रमाने सांगितला जातो. आधी मोठ्या शस्त्रक्रिया, मग क्ष-किरण, मग रेडियम, मग किमो. बुलढाणा जिल्ह्यातील रुग्णाच्या बाजूने पाहिले तर त्याच इतिहासाचा क्रम बदलतो : आगगाडी, धर्मशाळा, फाईल आणि 'तारीख'. तज्ज्ञ डॉक्टरांनी बोलावलेल्या दिवसाला रुग्णाच्या घरात 'तारीख' म्हणतात, कोर्टाची असते तशीच. हा धागा त्या तारखेच्या इतिहासाचा.

२/
सुरुवात बुलढाण्यापासून फार दूर होते. जून १९३१ मध्ये लेडी मेहरबाई टाटा यांचे वेल्समधील एका शुश्रूषागृहात निधन झाले. आजार रक्ताचा कर्करोग. त्या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी, म्हणजे देशातील सर्वांत श्रीमंत घराण्यांपैकी एका घराच्या सूनबाई. पैसा होता, ओळखी होत्या, परदेशी जाण्याची सोय होती. या रोगासाठी खास उभारलेले, त्या तोडीचे रुग्णालय मात्र तेव्हा मुंबईत नव्हते.

३/
एप्रिल १९३२ मध्ये दोराबजींनी पत्नीच्या स्मरणार्थ रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी न्यास स्थापन केला. रेडियमच्या उपचाराची सोय भारतात व्हावी, हा विचारही त्याच काळातला. पण जून १९३२ मध्ये, पत्नीच्या समाधीच्या दर्शनाला निघालेले दोराबजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे वारले. रुग्णालयाची कल्पना पुढे नवरोजी सकलातवाला यांनी उचलून धरली. १९३८ साली तेही गेले आणि काम जे. आर. डी. टाटांकडे आले.

४/
२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर रॉजर लमली यांच्या हस्ते झाले. आरंभी खाटा ८०, वार्षिक खर्च ५ लाख रुपये. विलायतेपर्यंतचे अंतर आता परळपर्यंत आले. मुंबईकरांसाठी ही क्रांती होती. मुंबईबाहेरच्या माणसासाठी मात्र प्रश्न उरलाच : परळपर्यंत पोहोचायचे कसे, आणि पोहोचल्यावर राहायचे कुठे?

५/
१९४१ साली बुलढाणा मुंबई प्रांतात नव्हताच. वऱ्हाडचा हा जिल्हा 'मध्य प्रांत व वऱ्हाड' या प्रांतात होता आणि राजधानी होती नागपूर. १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. कागदोपत्री नागपूर आपले, पण तिकडचा पल्ला साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. मुंबई त्याहूनही लांब, तरी तिकडे जायला एक थेट साधन होते : आगगाडी.

६/
ही आगगाडी रुग्णांसाठी आलेली नव्हती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळहून वऱ्हाडातून १८६७ साली नागपूरला पोहोचला. अमेरिकेतील यादवी युद्धाने तिथला कापूस अडवला होता, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाचे मोल लँकेशायरला फार कळले. जलंब ते खामगाव हा फाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाला, तोही खामगावच्या कापूस बाजारासाठी. कापसासाठी घातलेल्या याच रुळांवरून पुढे पिढ्यान्‌पिढ्या रुग्ण मुंबईला गेले.

७/
पण रूळ कापसाच्या सोयीने गेले, माणसांच्या नव्हे. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग पडतात. 'घाटाखाली' मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हा पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट मुलूख. तिथे स्थानके आहेत. 'घाटावर' बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. तिथे रेल्वे आजही नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी ब्रिटिशकाळापासूनची. ती रेषा नकाशावर उमटली असती तर घाटावरच्या माणसाला मराठवाड्याकडेही रुळावरून जाता आले असते.

८/
म्हणून घाटावरच्या रुग्णाची तारीख आदल्या दिवशीच सुरू होते. गावाहून एस.टी.ने बुलढाणा, तिथून राजूर घाट उतरून मोताळ्यामार्गे मलकापूर, स्थानकावर रात्रीची वाट पाहणे, मग सुमारे पाचशे किलोमीटरचा प्रवास. पहाटे दादर. आठच्या आत परळला, कारण रांग लवकर लागते. निरोगी माणसालाही शिणवणारा हा प्रवास. ज्याच्या घशातून पाणी नीट उतरत नाही, किंवा जिच्या पोटावरचे टाके अजून ओले आहेत, त्यांच्यासाठी तो आजाराचाच एक भाग होतो.

९/
परळच्या रुग्णालयात पहिल्या दिवसापासून नुसते उपचार झाले नाहीत, हिशेबही मांडला गेला. प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर, गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले विकृतिशास्त्रज्ञ. इथल्या रुग्णांचे कर्करोग युरोपातल्या रुग्णांहून वेगळे का, हा त्यांचा प्रश्न होता. धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षे घासून त्वचेला होणाऱ्या कर्करोगाचीही त्यांनी नोंद केली. रोगाचे कारण रोजच्या जगण्यात शोधण्याची ही दृष्टी.

१०/
१९४४ साली खानोलकरांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढे १९५५ साली सांघवी, राव आणि खानोलकर यांचा तंबाखू ओढणे, तंबाखू चघळणे आणि तोंड-घशाचे कर्करोग यांच्या संबंधावरील अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. म्हणजे गालात धरलेल्या तंबाखूचा आणि गालातल्या गाठीचा संबंध मुंबईत सत्तर वर्षांपूर्वी कागदावर होता. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती २०१२ साली.

११/
या मधल्या काळात ते ज्ञान परळला होते आणि तंबाखू शेताच्या बांधावर. तोंडाच्या कर्करोगाची चाल अशी की आरंभी तो दुखत नाही. गालाच्या आत पांढरा किंवा लालसर चट्टा, न भरणारी जखम, तोंड पूर्वीइतके न उघडणे, तिखट न सोसणे. या टप्प्यावर कुणी रात्रभर प्रवास करून मुंबईला जात नाही. दुखायला लागते, मानेत गाठ येते, तेव्हा घर हलते. तोवर रोग पुढे गेलेला असतो. अंतराचा पहिला परिणाम हा : माणूस उशिरा निघतो.

१२/
रुग्णालयाचा भार वाढत गेला. १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आले आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे. किरणोपचार आणि अणुविज्ञान यांचे नाते ओळखणारे होमी भाभा तेव्हा त्या विभागाचे प्रमुख होते. मेहरबाई टाटा या माहेरच्या भाभा, होमी भाभांच्या आत्याबाई. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन संस्था मिळून टाटा स्मारक केंद्र झाले. खासगी दानातून उभी राहिलेली संस्था सार्वजनिक झाली आणि गरीब रुग्णाला तिथे हक्काने उभे राहता आले.

१३/
आता अंतराचा दुसरा परिणाम. कर्करोगाचा उपचार एका भेटीत होत नाही. किरणोपचार, ज्याला बोलीत 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात, तो अनेकदा आठवड्याचे पाच दिवस, सलग सहा-सात आठवडे चालतो. रोजचा शेक काही मिनिटांचा. पण त्या मिनिटांसाठी दीड महिना शहरात राहावे लागते. मध्ये खंड पडला तर गुण कमी येतो. किमो बहुधा तीन आठवड्यांच्या अंतराने, महिनोन्‌महिने. म्हणून डॉक्टर जितका महत्त्वाचा, तितकाच डोक्यावरचा छपराचा प्रश्नही.

१४/
हा प्रश्न वऱ्हाडच्याच एका माणसाने फार आधी ओळखला होता. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातला. हातात खराटा, डोक्यावर गाडगे, अंगावर चिंध्या. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः त्यांत कधी राहिले नाहीत. यात्रेकरूची आबाळ त्यांना दिसली तशीच मुंबईच्या रुग्णालयांबाहेर फुटपाथवर पथारी टाकणाऱ्या नातलगांचीही दिसली. जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात रुग्णांच्या आप्तांसाठी धर्मशाळा झाली ती त्यांच्याच प्रेरणेने.

१५/
बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी गेले. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा पुढे मुख्यतः टाटा रुग्णालयातील कर्करुग्णांचा आसरा झाली. नाममात्र शुल्कात निवारा, जेवण, आणि आजूबाजूला त्याच आजाराची माणसे. परळ परिसरात नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन, वांद्रे येथे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाचे निवासस्थान ही याच साखळीतील नावे. डॉ. बोर्जेस हे टाटा रुग्णालयाचे नामवंत शल्यचिकित्सक. रुग्णालयासमोरचा रस्ताही त्यांच्याच नावाचा. कर्करोगाच्या भारतीय इतिहासात या इमारतींचे स्थान प्रयोगशाळांच्या शेजारी आहे.

१६/
धर्मशाळेत आणखी एक गोष्ट मिळे, जी कुठल्याही चिठ्ठीवर लिहिलेली नसते : माहिती. कोणत्या खिडकीवर आधी जायचे, तोंड आले तर काय गिळवते, केस गेल्यावर पुन्हा येतात का, मदतीच्या अर्जासाठी कोणते कागद. जुना रुग्ण नव्याला सांगे. गावात 'कॅन्सर' हा शब्द उच्चारायला माणसे कचरत. इथे तो शब्द सगळ्यांचाच होता, म्हणून त्याची भीती थोडी कमी होई.

१७/
वऱ्हाडच्या दुसऱ्या संताच्या नावाने मुंबईऐवजी नागपूरकडे वाट निघाली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीच्या गुरुकुंजात वारले, तेही कर्करोगाने. खंजिरीवर भजने गात गावोगाव ग्रामसफाई आणि आरोग्याचा प्रचार करणाऱ्या महाराजांना याच रोगाने गाठले. पुढे १९७० च्या दशकात नागपुरात त्यांच्या नावाने कर्करोग रुग्णालय उभे राहिले आणि त्याला प्रादेशिक कर्करोग केंद्राचा दर्जा मिळाला. विदर्भाला स्वतःचे केंद्र मिळाले.

१८/
बुलढाण्याच्या दृष्टीने मात्र अडचण शिल्लक राहिली. हा जिल्हा विदर्भाच्या पश्चिम टोकाला. वैद्यकीय महाविद्यालयांची वर्षे पाहिली की चित्र स्पष्ट होते : नागपूर १९४७, औरंगाबाद १९५६, अकोला २००२, जळगाव २०१८. शेजारचे एकेक शहर सज्ज होत गेले आणि बुलढाणा मध्यभागी तसाच राहिला. मोठ्या आजारासाठी जिल्ह्याबाहेर जाणे ही इथली सवय नव्हे, भूगोलाने आणि धोरणाने घातलेली अट होती.

१९/
रुग्णाला शहरात नेण्याऐवजी तपासणीच गावात नेली तर? याचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा प्रयोग बुलढाण्यात नव्हे, सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला झाला. तिथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. आधीच्या नोंदी मुंबईसारख्या शहरांच्या होत्या. खेड्यात कुणाला कोणता कर्करोग होतो, हे मोजायचे तर घरोघर जावे लागे. कार्यकर्ते गावात गेले, बैठका घेतल्या, लक्षणे समजावली, संशयित रुग्णाला बार्शीच्या रुग्णालयात यायला तयार केले.

२०/
परिणाम अनपेक्षित होता. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की कुठलेही महागडे यंत्र न आणता, केवळ जागृतीमुळे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा आधीच्या टप्प्यावर रुग्णालयात येऊ लागल्या. अंगावरून पांढरे जाणे, पाळी गेल्यावर रक्त दिसणे, संबंधानंतर रक्तस्राव, या गोष्टी बायका वर्षानुवर्षे कुणाला सांगत नसत. कुणीतरी विचारले आणि त्यांनी सांगितल्या. बार्शीत जे कमी झाले ते मैलांचे अंतर नव्हते, संकोचाचे होते.

२१/
पुढचे पाऊल १९९९ साली पडले. टाटा रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेली चाचणी सुरू केली. वय ३० ते ५९. निष्कर्ष २००९ साली आले : आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एचपीव्ही गटात ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४.

२२/
या आकड्यांची दुसरी बाजूही इतिहासात आहे. तुलनेसाठी ज्या गटाची तपासणी केली नाही, त्या स्त्रियांबद्दल पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले : उपाय ठाऊक असताना त्यांना नुसते पाहत का ठेवले? संशोधकांचे म्हणणे असे की त्या काळी गावात कुठलीच नियमित तपासणी नव्हती, म्हणजे तो गट नेहमीच्या स्थितीतच होता. वाद बाजूला ठेवला तरी एक कटू गोष्ट उरते. 'नेहमीची स्थिती' म्हणजे काहीच नाही, हे बुलढाण्यासह बहुतेक ग्रामीण महाराष्ट्राचे वर्णन होते.

२३/
जगात इतरत्रही हाच धडा मिळाला. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये डॉ. हॅरोल्ड फ्रीमन यांना दिसले की त्यांच्याकडे येणाऱ्या स्तनकर्करुग्णांपैकी पाच वर्षांनी केवळ ३९ टक्के स्त्रिया हयात असत. रुग्णालय तर शहरातच होते. तरी गरीब स्त्री तिथे उशिरा पोहोचे, किंवा पहिल्या तपासणीनंतर कागदांच्या जंजाळात हरवे. १९९० साली त्यांनी रुग्णाचा हात धरून शेवटपर्यंत नेणारी माणसे नेमली आणि तपासणी स्वस्त केली. पुढच्या काळातील रुग्णांत हेच प्रमाण ७० टक्के झाले.

२४/
टाटा स्मारक केंद्राने अशा वाटाड्यांसाठी अभ्यासक्रम सुरू केला तेव्हा त्याला नाव दिले 'केवट', रामाला गंगेपार नेणाऱ्या नावाड्याचे. नाव नवे, काम जुने. दादरच्या धर्मशाळेत एक रुग्ण दुसऱ्याला जे सांगत होता, तेच आता प्रशिक्षित माणूस सांगणार. परगावच्या माणसाला मोठ्या रुग्णालयात भीती सुईची कमी वाटते. आपण चुकीच्या रांगेत उभे आहोत, ही भीती अधिक असते.

२५/
पैशाचे अंतरही टप्प्याटप्प्याने तोडावे लागले. १९९७ साली राज्यात जीवनदायी योजना आली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली; बुलढाणा त्यांत नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली. विमा दीड लाखाचा, कर्करोगाचे उपचार समाविष्ट. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत, ज्यांत बुलढाणा आहे, पांढरे रेशनकार्ड असलेल्या शेतकऱ्यांनाही तिचा लाभ देण्यात आला. २०१७ साली तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले आणि २०२३ साली मर्यादा ५ लाखांवर नेण्याचा निर्णय झाला.

२६/
प्रवासासाठीही तरतूद आहे. उपचारासाठी किंवा फेरतपासणीसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या शयनयान वर्गात भाड्यात पूर्ण सवलत आणि सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातील दाखला लागतो. एस.टी.तही सवलत मिळते. योजना घरापर्यंत पोहोचते ती कागदातून. रेशनकार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक असेल, तर तोच फरक एखाद्या किमोच्या फेरीएवढा मोठा ठरतो.

२७/
२०१२ हे वर्ष आणखी दोन कारणांनी महत्त्वाचे. औरंगाबादला शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले, टाटा केंद्राच्या सहकार्याने. घाटावरच्या तालुक्यांसाठी ते साधारण दीडशे किलोमीटरवर. सकाळी निघून रात्री परत येता येईल असे हे पहिले मोठे सरकारी केंद्र. त्याच वर्षी देशातील रुग्णालयांना जोडणारे राष्ट्रीय कर्करोग जाळे आकाराला आले. हेतू साधा : उपचाराची पद्धत सर्वत्र सारखी असेल, तर प्रत्येकाने परळलाच येण्याचे कारण उरू नये.

२८/
या सगळ्या इतिहासाची कसोटी लागते ती तारखेच्या दिवशी. समजा, मेहकर तालुक्यातील साठीची एक स्त्री मुलासोबत निघाली आहे. पिशवीत फाईल, क्ष-किरण आणि सीटीची पाकिटे, तुकडा तपासणीचा अहवाल. मोठ्या रुग्णालयात काचपट्ट्या आणि मेणातले ठोकळे, ज्यांना 'ब्लॉक' म्हणतात, तेही मागतात. कारण तिथले विकृतितज्ज्ञ तुकडा स्वतः पुन्हा पाहतात. ब्लॉक गावाकडच्या प्रयोगशाळेत राहिले तर तारीख वाया जाते. पाचशे किलोमीटरची फेरी एका डबीसाठी पुन्हा करावी लागते.

२९/
दाराशी मुलगा हळूच म्हणतो, "डॉक्टरसाहेब, आईला नाव सांगू नका." आईने मात्र इमारतीवरची पाटी कधीच वाचलेली असते. मराठी घरांत हा प्रसंग नवा नाही. रोगाचे नाव लपवण्यात माया असते, भीतीही असते. पण नाव लपले की प्रश्नही लपतात : किती फेऱ्या, शेती कोण पाहील, बरे होण्यासाठी उपचार आहे की त्रास कमी होण्यासाठी? शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ आणि किमोचे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात. ज्याचे शरीर आहे तो माणूस त्या बोलण्यात नसेल, तर निर्णय अपुराच राहतो.

३०/
उपचार संपले तरी तारखा संपत नाहीत. पहिली दोन वर्षे बहुधा दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. बरे वाटू लागलेला माणूस इथेच गळतो. तारीख जूनमध्ये आली तर पेरणी, ऑक्टोबरमध्ये आली तर सोयाबीन, त्यानंतर कापसाची वेचणी. 'आता काही त्रास नाही, पुढच्या खेपेला जाऊ.' रोग परतलाच तर लवकर सापडावा, यासाठीच त्या तारखा असतात. कर्करोगासह जगणे म्हणजे मोठा भाग हाच : ठणठणीत वाटत असतानाही गाडी पकडणे.

३१/
अलीकडे अंतर पुन्हा घटले आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांत बुलढाण्याचे नाव आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याचे जाहीर केले. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेड राजा या घाटावरच्या भागातून जातो आणि जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. महाविद्यालय म्हणजे लगेच तज्ज्ञ नव्हे आणि महामार्ग म्हणजे रुग्णाकडे मोटार असणे नव्हे; तरी दिशा योग्य आहे.

३२/
मेहरबाईंना वेल्सला जावे लागले, त्यांच्यानंतरच्या पिढ्या परळला गेल्या, नंतर नागपूरला, मग औरंगाबादला. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी अंतर कमी केले : कुणी रुग्णालय बांधून, कुणी धर्मशाळा उभारून, कुणी गावात बैठक घेऊन, कुणी योग्य खिडकी दाखवून. औषधांच्या शोधांनी आयुष्य वाढवले यात शंका नाही. पण ती औषधे बुलढाण्याच्या माणसापर्यंत आली ती या वाटेने, आणि वाट जिथे तुटली तिथे चांगले औषधही परळलाच राहिले.

३३/
म्हणून या इतिहासातून आजच्या दिवसासाठी उरते ते एवढेच. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यावर रक्त दिसले, तर दुखण्याची वाट न पाहता जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. तीस वर्षांवरील लोकांची या तीन कर्करोगांची तपासणी हा आता सरकारी कार्यक्रमाचाच भाग आहे. ज्यांची तारीख लागली आहे, त्यांच्या पिशवीत ब्लॉक, रेशनकार्ड आणि सवलतीचा दाखला असावा. सोबत कुणीतरी असावे. आणि पेरणी असली तरी तारीख चुकू नये.